कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं झाड

"फक्त पंधरा मिनिटं," प्रमिला म्हणाली.

पेठ्यांनी उपम्याचा चमचा बशीत ठेवला. "मावशी, पंधरा मिनिटं म्हणजे किती, सांगू का? आपण एक्केचाळीस माणसं. उतरायला दहा, चढायला दहा, मोजायला पाच, आणि कुणीतरी एक जण स्वच्छतागृहात राहिलेला असतो त्याची दहा. म्हणजे तुमची पंधरा मिनिटं सुरू व्हायच्या आधीच पस्तीस गेली."

"मी एकटी उतरते. बाकीच्यांनी बसून राहावं."

"एक उतरला की सगळे उतरतात. बारा वर्षं सहली नेतोय मी."

श्रीलंकेतल्या दंबुल्ला गावच्या हॉटेलात सकाळचा नाश्ता चालला होता. सहलीचा चौथा दिवस. आदल्या दिवशी आम्ही सिगिरियाचा सिंहकडा बाराशे पायऱ्या मोजत चढलो होतो. वर पूर्वी राजवाडा होता, आता नाही. हे पायथ्याशी सांगितलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं. त्यानंतर गुहांमधले बुद्ध पाहिले, बसलेले आणि निजलेले. निजलेल्या बुद्धाकडे पाहताना आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर शुद्ध असूया होती.

गुहांमधून खाली उतरताना आमचे तिथले वाटाडे विमलरत्ने प्रमिलाला सहज म्हणाले होते की, उद्याच्या वाटेवर एका खेड्यातल्या विहारामागे टॅलिपॉट फुललाय. ते ऐकून प्रमिला पायरीवरच बसली. मला वाटलं, चक्कर आली.

टॅलिपॉट म्हणजे श्रीताल. ताडाचीच जात, पण आडदांड. पन्नास-साठ वर्षं हे झाड नुसतं वाढतं. फूल नाही, फळ नाही. मग एका वर्षी त्याच्या डोक्यावर चार पुरुष उंचीचा तुरा फुटतो. लाखो फुलं, एकदाच. पुढं फळं धरतात, ती पिकून गळतात आणि झाड मरतं. मला हे माहीत असण्याचं कारण एवढंच की, प्रमिलानं मिरजेच्या कॉलेजात चौतीस वर्षं बॉटनी शिकवली आणि दर जूनमध्ये पहिल्या तासाला ती फळ्यावर हे झाड काढायची. रंगीत खडूनं. आदल्या रात्री त्याची उजळणी आमच्या स्वयंपाकघरात व्हायची. एवढ्या वर्षांत तिनं ते प्रत्यक्षात पाहिलेलं नव्हतं.

"तर मग झाडच ना, मावशी?" पेठे समजुतीनं म्हणाले. "झाडं काय, खिडकीतून सारखी दिसतायत. आज आपल्याला मसाल्याची बाग आहे, जेवण आहे, रत्नांचं दुकान आहे आणि पाचला कॅण्डीत नाच आहे. नाच थांबत नाही कुणासाठी."

"बरं," प्रमिला म्हणाली. तिनं एक केळं उचललं, सोललं आणि शांतपणे खाल्लं.

पेठे माणूस वाईट नव्हते. गळ्यात शिट्टी, हातात झेंडा आणि डोक्यात एक्केचाळीस पासपोर्ट घेऊन हिंडणाऱ्या माणसाला झाडांबद्दल जेवढं प्रेम उरेल तेवढं त्यांना होतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला दुसरी वाट सुचली. मला नेहमीच दुसरी वाट सुचते.

शेजारच्या टेबलावर विजयाताई लोंढे बसल्या होत्या. कराडच्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्षा. मंडळाच्या चौदा बायका घेऊन आल्या होत्या. चौदा जणींच्या साड्या रोज एकाच रंगाच्या असत. आज डाळिंबी होता. पैसे भरण्याआधी त्यांनी कंपनीला एकच प्रश्न विचारला होता: सीतामाईचं अशोकवन दाखवणार ना? ते उद्या होतं.

मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे सरकलो. "विजयाताई, तुम्ही त्या झाडाबद्दल ऐकलंच असेल."

"कुठल्या हो?"

"जाऊ द्या. कार्यक्रमात नाहीये. उगाच जिवाला चुटपुट."

"खराडेसाहेब, आता सांगा बघू सगळं."

सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टिपणं लिहिली की न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखं करता येतं. मी आवाज खाली आणला. म्हणालो, "सीतामाईनं रामाला निरोप लिहिला तो कशावर? कागद होता का तेव्हा? ह्या श्रीतालाच्या पानावर. ते झाड आयुष्यात एकदाच फुलतं. आणि ज्या बाईनं ते फुलात पाहिलं, तिच्या मनातली राहून गेलेली एक इच्छा पुरी होते, असं इथले जुने लोक मानतात."

"एकच?" विजयाताईंनी विचारलं.

"एकच. पण कितीही जुनी चालते."

चहा संपायच्या आत चौदा डाळिंबी साड्यांनी पेठ्यांना घेरलं होतं. मी लांबून उपमा खात पाहत होतो. पेठ्यांनी कार्यक्रमपत्रिका दाखवली. विजयाताईंनी त्यांना आठवण करून दिली की, सहलीच्या शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा असतो आणि मंडळ तो एकमतानं भरतं. पेठ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी विमलरत्न्यांना बोलावून इंग्रजीत विचारलं, "त्या झाडाचा सीतेशी काही संबंध आहे का?"

विमलरत्ने सत्तरीचे, पांढऱ्या शर्टातले, शाळामास्तरासारखे दिसणारे गृहस्थ. त्यांनी आधी बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्याकडे सीता पुष्कळ ठिकाणी आहे, सर," ते म्हणाले. "तुमच्या गाड्या यायला लागल्यापासून जरा जास्त ठिकाणी आहे."

पेठ्यांनी ह्याचा अर्थ 'हो' असा घेतला. बसमध्ये चढताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "काका, हे तुमचं काम."

"मी तर उपमा खात होतो," मी म्हणालो.

आमच्या सहलीत रोज सीटा बदलायची पद्धत होती, म्हणजे पुढच्या काचेतून बघण्याचं सुख सगळ्यांना सारखं मिळावं. त्या दिवशी आमची पाळी शेवटून दुसऱ्या रांगेत होती. पेठ्यांनी माइक हातात घेतला. "मंडळी, आज मसाल्याच्या बागेनंतर एक जादा ठिकाण. कंपनीतर्फे खास. पंधरा मिनिटं."

प्रमिलानं माझा दंड धरला. "ऐकलंत? मी म्हणत होते ना, माणूस चांगला आहे. नीट सांगितलं की समजतं लोकांना."

"समजतं," मी म्हणालो.

मसाल्याच्या बागेत केस उगवण्याचं तेल, केस घालवण्याचं मलम आणि गुडघ्यांचा अर्क अशी तीन औषधं माझ्यावर मोफत वापरून पाहण्यात आली. प्रमिला फाटकापाशी उभी होती. जायफळाचं झाड शेजारी होतं, त्याच्याकडेही तिनं पाहिलं नाही. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, शबनममध्ये वही. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि पहिल्यांदा सहलीला निघालेल्या मुलीसारखी दिसत होती.

मुख्य रस्ता सोडून बस एका अरुंद वाटेला लागली. ड्रायव्हर गुणपाला ह्याला सिंहली सोडून कुठलीही भाषा येत नव्हती, त्यामुळे बसमधला तो एकमेव शांत माणूस होता. नारळीच्या झावळ्या काचांना घासत होत्या. खेड्यापाशी बस थांबली. पुढं पाच मिनिटं पायवाट होती.

"मी आत्ता बघणार नाहीये," चालताना प्रमिला म्हणाली. तिनं मान खाली घातली होती. "तुम्हीही सांगू नका, दिसलं म्हणून. बुंध्याला हात लावायचा आणि मग एकदम वर बघायचं. आणि कुणाशी बोलायचं नाही."

"माझ्याशीसुद्धा?"

"तुमच्याशी तर मुळीच नाही."

मला मात्र ते दिसलं. विहाराच्या पांढऱ्या भिंतीमागे नारळीच्या रांगेवर डोकं काढून ते उभं होतं. ह्याहून जास्त मी सांगत नाही, कारण मी सांगायचं नव्हतं.

आम्ही जरा मागे होतो. पोचलो तेव्हा बुंध्याभोवती डाळिंबी कडं पडलं होतं. कुणी हळदकुंकू वाहत होतं, कुणी बुंध्याला दोरा गुंडाळत होतं. वाटेत विकत घेतलेलं केशरी शहाळं ओटीसाठी पुढं आलं होतं. पेठ्यांनी कंपनीचा फलक उलगडला आणि सगळ्यांना दोन ओळींत उभं केलं. "सगळ्यांचा एकत्र फोटो आधी, दर्शन नंतर! मावशी, तुम्ही मधे या. मधे, मधे." प्रमिला मान खाली घालूनच मधे गेली. फोटो तीनदा निघाला, कारण दोनदा कुणीतरी डोळे मिटले. पाच मिनिटं तिथंच गेली.

मग तिनं बुंध्याकडे पाऊल टाकलं, आणि विजयाताईंनी तिचा हात धरला.

"प्रमिलाताई, तुम्ही शिकलेल्या. साहेबांनी आम्हाला थोडक्यात सांगितलं. आता तुम्ही सांगा सगळ्यांना, सीतामाईनं पानावर निरोप लिहिला ती हकीकत."

प्रमिलानं विजयाताईंकडे पाहिलं. मग दोऱ्याकडे, शहाळ्याकडे, पेठ्यांकडे. शेवटी माझ्याकडे. तिला सगळं समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

चौदा बायका हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक, सगळ्यात म्हातारी, विहाराच्या पायरीवर बसून डोळे पुसत होती. तिची कुठली इच्छा राहून गेली होती कोण जाणे.

प्रमिला झाडाकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिली. चौतीस वर्षं ती अशीच उभी राहिली होती: पाठीशी फळा आणि समोर वर्ग.

"ह्याच्या पानावर लिहायचे, हे खरं आहे," ती म्हणाली. "इथल्या जुन्या पोथ्या ह्याच पानांच्या. सीतेचं मला माहीत नाही. ते ह्यांना माहीत आहे." बायका माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. "मला झाडाचं माहीत आहे, ते सांगते."

आणि तिनं सांगितलं. शास्त्रीय नाव न घेता, एकही इंग्रजी शब्द न वापरता. रोप पहिली काही वर्षं जमिनीवरच पानं पसरून बसतं, खोड कसं ते उभारतच नाही. मग ते चढू लागतं. दर वर्षी जे काही कमावेल ते खोडात साठवतं. शेजारची नारळी वर्षातून इतक्यांदा फळते, हे एकदाही नाही. गावात पोरं जन्मतात, त्यांची लग्नं होतात, त्यांना नातवंडं होतात, तरी हे गप्पच. बायकांनी जोडलेले हात कधी सोडले कुणालाच कळलं नाही.

"आणि फुललं की मरतं?" एकीनं विचारलं.

"लगेच नाही. फळं पिकेपर्यंत वर्षभर उभं राहतं. पण पानं झडत जातात."

"मग फुलतं कशाला हो, बाई? तसंच राहायचं की. सुखानं."

"न फुललं तरी मरेलच कधीतरी," प्रमिला म्हणाली.

पायरीवरची म्हातारी म्हणाली, "असू दे. फुललं तर खरं." आणि तिनं उठून बुंध्यावरचा दोरा नीट केला, पदराचं टोक नीट करावं तसा.

पेठ्यांची शिट्टी वाजली.

एक उतरला की सगळे उतरतात तसं एक निघाला की सगळे निघतात. बायकांनी प्रमिलाला मधे घेतलं. कुणी तिचा हात धरला होता, कुणी विचारत होतं की फळं खाता येतात का, कुणी म्हणत होतं, तुमच्यासारख्या बाई आम्हाला असत्या तर आम्ही दहावीला बसलो असतो. ती त्यांना उत्तरं देत देत पायवाटेनं चालत गेली. शिकवणारी माणसं प्रश्न अर्धा सोडून मागं वळत नाहीत.

बस निघाली. नारळी पुन्हा काचांना घासू लागल्या.

"पाहिलंस ना?" मी विचारलं.

"कधी? मी शिकवत होते."

ती समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती. मुख्य रस्ता लागला तेव्हा म्हणाली, "दोन्ही वेळा सीताच सापडली तुम्हाला."

आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. प्रमिला बावीस वर्षांची. तिच्या सरांनी खटपट करून तिच्यासाठी एक पत्र आणलं होतं. कॅण्डीजवळच्या मोठ्या बागेत ताडांच्या जातींवर काम करायचं, एक वर्ष, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. संध्याकाळी जेवायला आम्ही सगळे बसलो होतो: वडील, दोन भाऊ, काका, वाढायला आई आणि प्रमिला. तिनं पत्राची गोष्ट काढली. घरात कधी कुणी जिल्ह्याबाहेर शिकायला गेलेलं नव्हतं. वडील हातातला घास ताटात ठेवून माझ्याकडे पाहू लागले. मी काय म्हणतो यावर सगळं होतं. मी म्हणालो, "रावणानं न्यायला विमान तरी पाठवलं होतं. हे लोक नुसतं पत्र पाठवतात."

काकांना ठसका लागला. वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आईसुद्धा हसली. प्रमिलाही हसली, आमटीचं पातेलं हातात घेऊन. दुसऱ्या दिवशी तिनं नकार लिहून पाठवला. मी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. छत्तीस वर्षं माझं हेच म्हणणं होतं की, मी नको म्हटलेलं नाही.

"मी काय करायला हवं होतं?" मी विचारलं. आजचं विचारलं की तेव्हाचं, मलाच कळलं नाही.

"पेठ्यांकडे जायचं होतं सकाळी. म्हणायचं, माझ्या बायकोला हे झाड बघायचंय, गाडी थांबवा. ते नाही म्हणाले असते तर नाही. मला काही झाड मिळायलाच हवं असं नव्हतं. तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. गंमत न करता."

बस एका चढावर आली होती. मी उठलो. दोन्ही बाजूंच्या सीटा धरत मधल्या वाटेनं पुढं गेलो आणि बसच्या निम्म्यावर उभा राहिलो.

"पेठे," मी म्हणालो, "गाडी थांबवा. सीतेचं मी सकाळी बनवून सांगितलं. तसं काही नाही. माझ्या बायकोला ते झाड बघायचं होतं. ते तिनं पाहिलेलं नाही. तिला बघू द्या. मी तुमच्या पाया पडतो."

सगळी बस हसली. अशी हसली की पुढच्या रांगेतल्या एकाचा चष्मा पडला. "खराडेसाहेब, चेहरा तर बघा कसा केलाय!" कुणीतरी ओरडलं. विजयाताई पदरानं तोंड दाबून म्हणाल्या, "पाया पडतो म्हणे!" पेठ्यांनी माइकवरून जाहीर केलं, "काका म्हणजे ना, आपल्या सहलीची करमणूक आहेत." टाळ्या पडल्या.

मी पुन्हा म्हणालो, "मी खरं सांगतोय." हशा वाढला. माझे हात सीटांवरून सुटून आपोआप जोडले गेले होते, आणि तसाच मी उभा होतो.

करकचून ब्रेक लागला. बस रस्त्याच्या कडेला थांबली. गुणपाला आरशातून माझ्याकडे पाहत होता. मग तो जागेवरून उठला, मागे वळला आणि विमलरत्न्यांशी भराभरा काही बोलला.

"काय म्हणतोय?" पेठ्यांनी विचारलं.

विमलरत्न्यांनी इंग्रजीत सांगितलं, "तो विचारतोय, ह्या साहेबांच्या घरून काही वाईट बातमी आली आहे का?"

पेठ्यांनी ते मराठीत सांगायला माइक तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. पण पुढच्या दोन रांगांना इंग्रजी समजलं होतं, आणि त्या गप्प झाल्या की मागच्याही होतात. सगळे एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा मागच्या सीटकडे.

विजयाताई उठल्या. त्या प्रमिलापाशी गेल्या, तिच्या मांडीवरची शबनम स्वतःकडे घेतली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही उतरा. आम्ही कुणी हलत नाही जागेवरनं." मग पेठ्यांकडे वळून, "आणि तुम्ही ती शिट्टी इकडं द्या."

पेठ्यांनी दिली.

प्रमिला माझ्या शेजारून गेली. माझ्याकडे न बघता, दाराच्या दांडीला धरत खाली उतरली. रस्त्याच्या त्या बाजूला उतारावर भाताची खाचरं होती. खाचरांपलीकडे नारळीचा दाट पट्टा, आणि त्याच्यावर, सगळ्यांच्या डोक्यावर, तो तुरा. दुपारच्या उन्हात सायीच्या रंगाचा. इतक्या लांबूनही केवढा तरी. ती बांधावर गेली, तिनं मान वर केली आणि तशीच उभी राहिली.

मी बसच्या पायरीवर थांबलो होतो. बसमध्ये एक्केचाळीसातले एकोणचाळीस आणि पेठे, विमलरत्ने, गुणपाला असे तिघं, कुणी खोकलंसुद्धा नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. न वळता तिनं हाक मारली, "अहो."

"काय?"

"गप्प उभं राहायचं असेल तर या."

मी गेलो. बांध अरुंद होता, तिनं थोडं सरकून जागा दिली. आम्ही दोघांनी पाहिलं. वारा आला की तो अख्खा तुरा एका अंगाला कलायचा आणि बारीक बारीक काहीतरी हवेत सांडायचं. फुलं असावीत. इतक्या लांबून फुलं दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. पण आम्हाला दिसली.

प्रमिला गेली त्याला येत्या श्रावणात पाच वर्षं होतील. मिरजेत दिवस बरे जातात. लोक येतात, हसवा म्हणतात, मी हसवतो.

त्या बांधावर उभा असताना मला एक विनोद सुचला होता. झाडावर होता, पेठ्यांवर होता, बराचसा माझ्यावर होता. आयुष्यात सुचलेल्या सगळ्यांत बहुधा तोच चांगला. अगदी ओठांवर आला आणि मी तोंड मिटून घेतलं. तो अजून कुणाला सांगितलेला नाही. सांगायचा तर तिलाच सांगायला हवा.